चुन्याची निवळी आणि प्रवाळ: वाशीमच्या मातीतून समुद्राकडे जाणारी एक वाट

#थ्रेड #इतिहास #वाशीम

१/
वाशीमपासून सर्वांत जवळचा समुद्रही चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही आज वाशीम, रिसोड किंवा कारंजा येथील एखाद्या तरुणाने घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडले, तर महिन्याभरात त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो: पाण्यातील कॅल्शियम कमी होत आहे, ते स्वस्तात कसे भरून काढावे? प्रश्न नवा वाटतो, पण त्याच्या उत्तराला सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाची बरीच पाने वऱ्हाडातच उघडतात. मित्रहो, आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम प्रश्न समजून घेऊ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रवाळ, शिंपले, गोगलगाई आणि खडकांवर जांभळा थर धरणारे कोरलाईन शैवाल हे कॅल्शियम व पाण्यातील कार्बोनेट एकत्र करून आपले कवच किंवा सांगाडा रचतात. समुद्र अफाट असल्याने त्याला ही उचल जाणवत नाही. शंभर लिटरांच्या काचपेटीला मात्र ती आठवड्याभरात जाणवते. म्हणून बाहेरून भर घालावी लागते, आणि ती दोन्ही घटकांची. केवळ कॅल्शियम घालून भागत नाही, हे सूत्र पुढे वारंवार येईल.

३/
आता वाशीमकडे वळू. या नगरीचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ साली उजेडात आलेला विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट येथूनच, म्हणजे वत्सगुल्माहून, दिलेला आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात झाल्याची कथा येते. समुद्राशी या नगरीचा थेट संबंध नव्हता. चुन्याशी मात्र होता.

४/
याच शाखेचा राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, असे तेथील शिलालेख सांगतो. अजिंठ्याच्या भिंतींवर आधी मातीचा गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात दिला आणि मग रंग भरले. वत्सगुल्माच्या राजवटीतील जगप्रसिद्ध चित्रे अशा रीतीने कॅल्शियमच्या एका पातळ पापुद्र्यावर उभी आहेत. ज्या द्रव्याने प्रवाळ आपले घर बांधते, तेच हे द्रव्य.

५/
हा चुना येतो कोठून? वऱ्हाडाची भूमी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची, म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे. या खडकात वजनाने साधारण दहा टक्के कॅल्शियम ऑक्साइड असते. खडक झिजून काळी माती झाली. पावसाने त्यातील कॅल्शियम विरघळविले आणि उन्हाळ्यात पाणी आटताना ते मातीच्या पोटात पांढरट खड्यांच्या रूपाने गोठले. नांगराला लागणारे हे चुनखडीचे खडे विदर्भातील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचे आहेत. जेथे मोठे चुनखडक नव्हते, तेथे हेच खडे वेचून भट्टीत भाजले जात.

६/
भट्टीत काय घडते? चुनखडी तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो खदखदतो, तापतो आणि फुटून विरतो. हा विरलेला चुना हवेत राहिला की हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. वाडे, मंदिरे आणि किल्ले यांच्या भिंती याच फेऱ्यावर टिकल्या. बैलांच्या घाणीत चुना, वाळू आणि इतर पदार्थ दिवसेंदिवस मळले जात, ते हा फेरा नीट पुरा व्हावा म्हणून.

७/
हे काम करणाऱ्या समाजाचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे: लोणारी. ‘लोण’ म्हणजे लवण, मीठ. महाराष्ट्रात त्यांचे दोन गट नोंदले गेले आहेत: मीठ पिकविणारे मीठ लोणारी आणि चुना भाजणारे चुने लोणारी. मीठ आणि चुना! खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला लागणाऱ्या दोन मूलभूत वस्तू एकाच नावाच्या समाजाच्या दोन व्यवसायांत याव्यात, हा योगायोग खराच. पण तो आपल्या विषयाचा उत्तम सारांशही आहे. मुंबईतील चुनाभट्टी हे स्थानकाचे नावही अशाच भट्ट्यांची आठवण जपून आहे.

८/
कॅल्शियमची बाजू झाली. आता दुसरी बाजू, कार्बोनेटची. तिच्यासाठी रिसोडहून पश्चिमेस जावे. जिल्ह्याची सीमा ओलांडताच बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर लागते. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या या विवरातील पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, कारण त्यात सोडियमची कार्बोनेटे विपुल आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर क्षार साचे. त्याला प्रतीनुसार डल्ला, पापडी, भुसकी अशी नावे होती.

९/
‘आईन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या संदर्भात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण बनविण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात आणि त्यांपासून चांगला महसूल येतो, असे अबुल फजल नोंदवतो. सोळाव्या शतकातील मुघल दप्तराने ज्या वस्तूची नोंद घेतली, ती म्हणजे आजच्या मत्स्यालयवाल्यांच्या भाषेत ‘अल्कलिनिटी’ वाढविणारा क्षार. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि आपल्या आज्यांचा पापडखार हे सर्व त्याच कुळातले.

१०/
लोणार आणखी एक धडा शिकविते. चहूबाजूंचा खडक कॅल्शियमने भरलेला, तरी सरोवराच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम अत्यल्प. असे का? कारण पाण्यात कार्बोनेट इतके आहे की येणारे कॅल्शियम लगेच त्याच्याशी जुळून पांढऱ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसते. दोन्ही घटक एकाच पाण्यात मनमानी प्रमाणात नांदू शकत नाहीत. एक फार वाढला की दुसरा गळून पडतो.

११/
हाच नियम मत्स्यालयाला तंतोतंत लागू पडतो. घाईने कॅल्शियमचे आणि सोड्याचे द्रावण एकदम ओतले की पाण्यात दुधासारखी पांढरट धुळवड उठते. पैसे देऊन विकत घेतलेले दोन्ही घटक तळाशी चुनखडी होऊन बसतात आणि प्रवाळाच्या वाट्याला काहीच येत नाही. नवख्यांच्या हातून होणारी ही सर्वांत महाग चूक. तिचे भव्य रूप पाहायचे असेल, तर लोणारच्या काठावर उभे राहावे.

१२/
चुना आणि क्षार यांचा हा विरोध आपल्या पूर्वजांना ठाऊक होता का? होता, आणि त्यांनी तो उपयोगातही आणला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात क्षार तयार करण्याची कृती आहे. वनस्पतींच्या राखेच्या पाण्यात भाजलेली चुनखडी आणि शंख घालून ते तीव्र करण्यास तेथे सांगितले आहे. चुन्यातील कॅल्शियम राखेतील कार्बोनेटला घेऊन खाली बसते आणि वर दाहक अल्कली उरते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनेतिहासात या कृतीकडे जगाचे लक्ष वेधले.

१३/
आता प्रवाळाकडे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथे उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य, तांबे, कथील यांबरोबर पोवळेही आहे. भडोचला दख्खनचा माल पुरविणाऱ्या बाजारपेठा म्हणून त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, ही नावे येतात. रोमन लेखक प्लिनीने तर लिहून ठेवले आहे की, रोमनांना मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे.

१४/
हे पोवळे म्हणजे भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळ. त्याचा सांगाडाही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच. दख्खनमध्ये ते दागिन्यांत गेले आणि प्रवाळभस्म, प्रवाळपिष्टी या रूपाने औषधांतही गेले. थोडक्यात, एके काळी माणूस प्रवाळाकडे कॅल्शियमचा साठा म्हणून पाहत होता. प्रवाळ जिवंत राहावे म्हणून त्याला कॅल्शियम पुरवावे, ही कल्पना यायला अठरा-एकोणीस शतके जावी लागली.

१५/
त्याआधी मात्र एक दुःखद प्रकरण आहे. किनाऱ्यावर चुनखडी सगळीकडे मिळत नाही. कोकणात त्यावर शिंपल्यांचा चुना हा उपाय होता: खाऊन टाकलेल्या कालवा-तिसऱ्यांची कवचे भाजायची. पण जेथे प्रवाळखडक हाताशी होते, तेथे लोकांनी तेच फोडून भट्टीत घातले. तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत मन्नारच्या आखातात विसाव्या शतकात चुन्यासाठी प्रवाळाचे उत्खनन होत राहिले. कच्छच्या आखातातील प्रवाळयुक्त वाळू सिमेंटसाठी उपसली गेली.

१६/
परिणाम डोळ्यांनी दिसण्यासारखा आहे. मन्नारच्या आखातातील २१ बेटांपैकी विलांगुचल्ली आणि पूवरासनपट्टी ही दोन बेटे पाण्याखाली गेली. भोवतालची प्रवाळभिंत खणली गेल्याने लाटांना अडविणारे काही उरले नव्हते. चुना स्वस्त पडला, पण त्याची किंमत कोणी तरी मोजलीच. ‘स्वस्त कॅल्शियम’ हा शब्दप्रयोग वाचताना हे प्रकरण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

१७/
संरक्षणही आले, पण उशिरा. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२चे, मन्नारचे १९८६चे. महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहे, हे आज तेथे पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांनाही माहीत असते. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरांहून दूर, खोल समुद्रात, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरविणारी ‘आंग्रिया बँक’ ही बुडालेली प्रवाळभूमी आहे.

१८/
२००१ साली सर्व खडककर्ती प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. अर्थात वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. आपल्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळखडक उचलून आणणे हा गंभीर गुन्हा आहे. बाजारात ‘स्वस्त’ म्हणून मिळणारा जिवंत तुकडा कोठून आला, हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. गोगलगाई, कोळंबी आणि कोरलाईन शैवाल असलेल्या पेटीतही कॅल्शियम खर्च होतेच. त्यामुळे पुढील माहिती प्रवाळ नसलेल्या मत्स्यालयालाही तितकीच उपयोगी आहे.

१९/
घरात समुद्र ठेवण्याचा छंद कधीचा? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले. निसर्ग अभ्यासक फिलिप गॉस याचा त्यात मोठा वाटा होता. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मासे जगत होते, पण प्रवाळ जगविणे अवघड होते. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक पेटीत ठेवण्याची ‘नैसर्गिक’ पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यातून वाट दिसली, तरी कॅल्शियमची तूट कायम होती.

२०/
ही तूट भरण्याची सोपी युक्ती १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी रूढ केली. युक्तीचे नाव जर्मन: ‘काल्कवास्सर’. आजही जगभरचे छांदिष्ट हाच शब्द वापरतात आणि तो मोठा शास्त्रीय भासतो. त्याचा अर्थ काय? काल्क म्हणजे चुना, वास्सर म्हणजे पाणी. म्हणजे आपली चुन्याची निवळी! विरलेला चुना पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी घ्यायचे. मराठी घरांतील जुन्या औषधोपचारात जी निवळी होती, ती युरोपातून फिरून नव्या नावाने परत आली.

२१/
निवळीचे गणित सुंदर आहे. एक लिटर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम चुना विरघळतो. अधिक घातला तरी तो तळाशी बसतो. अशा एका लिटरात सुमारे ९०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि त्याच्या जोडीला नेमक्या प्रमाणात अल्कलिनिटी. मत्स्यालयातून दररोज दोन लिटर पाणी उडत असेल आणि ते निवळीने भरले, तर महिन्याला साधारण शंभर ग्रॅम चुना लागतो. किलोभर शुद्ध चुना नऊ-दहा महिने पुरतो. याहून स्वस्त उपाय आजवर सापडलेला नाही.

२२/
येथे वाशीमचे हवामान कामी येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडते, म्हणून निवळीला भरपूर वाव मिळतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की पाणी उडणे मंदावते आणि निवळी पुरेशी घालता येत नाही. शिवाय तिचा सामू १२.४च्या घरात असतो. ती थेंबथेंब, शक्यतो रात्री सोडायची असते. एकदम ओतल्यास जीव दगावतात. चुन्याची पूड डोळ्यांत गेल्यास दृष्टीला इजा होते. लोणाऱ्यांच्या पिढ्यांनी हे सोसले आहे. पाणीही शुद्ध केलेलेच हवे, कूपनलिकेचे जड पाणी चालत नाही.

२३/
मग पानाच्या डबीतील चुना चालेल का? हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. उत्तर: नको. त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही, आणि उघड्या डबीतील चुन्याचा काही भाग हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून आधीच पुन्हा चुनखडी झालेला असतो. भिंतीच्या चुन्यात मॅग्नेशियम, लोह आणि माती येते. खाद्य किंवा औषधी प्रतीचा, घट्ट झाकणाचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावा. आणि शंख, शिंपले, अंड्याची टरफले पेटीत टाकून? व्यर्थ. समुद्राचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटने आधीच अतिसंपृक्त असते. त्यात ती विरघळतच नाहीत.

२४/
निवळी अपुरी पडली की दुसरा मार्ग: दोन द्रावणांचा. १९९०च्या दशकात जर्मनीत हान्स-वेर्नर बॉलिंग यांनी तो मांडला आणि २००६ साली अमेरिकी रसायनज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी घरी बनविण्याची कृती सर्वांसाठी खुली केली. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा. १४७ ग्रॅम जलयुक्त कॅल्शियम क्लोराइडला जोड लागते १६८ ग्रॅम खाण्याच्या सोड्याची किंवा १०६ ग्रॅम निर्जल धुण्याच्या सोड्याची. सोडा सुवासाविना, साबणाविना, शुद्ध हवा. दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी घालावीत. लोणारचा धडा आठवावा.

२५/
खरेदी करताना बाटलीवरचे नाव पाहू नये, कॅल्शियमचे प्रमाण पाहावे. शुद्ध विरलेल्या चुन्यात वजनाने ५४ टक्के कॅल्शियम असते, निर्जल कॅल्शियम क्लोराइडमध्ये ३६, जलयुक्त क्लोराइडमध्ये २७, तर कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये अवघे ९. किलोच्या भावाला या आकड्याने भागले की खरा भाव कळतो. तयार द्रावणाच्या आकर्षक बाटलीत बहुतांश पाणीच असते. आपण पाण्याचे वाहतूकभाडे भरतो. आणि मोजल्याशिवाय काहीही घालू नये: कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढे असले की पुरे. मॅग्नेशियम कमी पडले, तर बाकी दोन्ही घटक टिकत नाहीत.

२६/
शेवटी एक वर्तुळ पूर्ण करू. १७५६ साली स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिले की, चुनखडी भाजताना एक वायू निघतो आणि निवळीत तोच वायू शिरला की ती पांढरी होते. हाच कार्बन डायऑक्साइड. पुढे १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी चुन्यातून कॅल्शियम धातू वेगळा केला. ब्लॅक यांचा तो वायू आज भट्ट्या, सिमेंट आणि इंधन यांतून इतका बाहेर पडला आहे की, औद्योगिक क्रांतीपूर्वी ८.२च्या आसपास असलेला समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.१वर आला. त्या बदलाने प्रवाळाला सांगाडा रचणे जड जाते.

२७/
म्हणजे पेटीतील प्रवाळाला आपण निवळी पाजतो, आणि खुल्या समुद्रातील प्रवाळाची निवळी बिघडवतो. काचपेटीत चमचाभर चुन्याने जे सावरते, ते समुद्रात सावरता येत नाही. तेवढा चुना भाजायचा तर वायू पुन्हा हवेत जाईल. मत्स्यालय राखणाऱ्याला हा हिशेब दररोज डोळ्यांसमोर दिसतो, म्हणूनच हा छंद केवळ शोभेचा राहत नाही.

२८/
वत्सगुल्माच्या चित्रकाराने भिंतीवर ओढलेला पांढरा हात, लोणाऱ्याची भट्टी, लोणारच्या काठचा क्षार, भडोचला उतरलेले पोवळे आणि आजच्या पेटीतील जांभळे शैवाल: कॅल्शियम तेच, हात बदलत गेले. वाशीमच्या शेतात पुढच्या वेळी पांढरा खडा दिसला, तर तो उचलून पाहा. समुद्र न पाहिलेल्या भूमीतही प्रवाळाच्या सांगाड्याचे द्रव्य पायाखाली असते.

आपल्या गावात चुन्याची जुनी भट्टी किंवा घाणीचे दगडी चाक शिल्लक असेल, तर गावाच्या नावासह छायाचित्र खाली अवश्य जोडा. अशा खुणा झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्यांची नोंद आपणच ठेवायला हवी.

धागा समाप्त.